रेवातीरीचा माग

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी जुनी लाकडी पेटी असते. घर बदलले, गाव बदलले, प्रांतही बदलला, तरी ती पेटी सामानाबरोबर फिरत राहते. तिच्या तळाशी आजीचे वा पणजीचे एखादे लुगडे मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असते. कोणाकडे पैठणी, कोणाकडे इरकली, तर एखाद्या घरी माहेश्वरी. संक्रांतीला किंवा मंगळागौरीला ते बाहेर निघते, घरातल्या लेकीसुना त्यावरून हात फिरवतात, आणि पुन्हा ते पेटीत जाते.

आमच्या घरची माहेश्वरी अशीच पेटीत होती. काही वर्षांपूर्वी ती उलगडली, तेव्हा घडी जेथे जेथे पडली होती तेथे तेथे वस्त्र विरून गेलेले आढळले. काठ तेवढे शाबूत होते. इतक्या काळजीने जपलेली वस्तू जपण्यानेच गेली, हे पाहून आम्हांस फार वाईट वाटले. त्या काठाचा एक तुकडा बरोबर घेऊन आम्ही नर्मदाकाठच्या महेश्वरास गेलो. तेथे जे पाहिले त्याने हळहळ थोडी निवली, आणि ज्या थोर स्त्रीमुळे ते वस्त्र जन्माला आले तिच्या चरित्राकडे आम्ही नव्या दृष्टीने पाहू लागलो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे हे अल्पचरित्र देण्याचे कारण तेच.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घराणे धनगराचे. मेंढ्यांची लोकर कातरावी, तिचे सूत काढावे आणि घोंगडी अंगावर घ्यावी, हा ज्या समाजाचा नित्याचा जीवनक्रम, त्यात ही मुलगी वाढली. हातांनी केलेल्या वस्तूचे मोल तिला कोणी निराळे शिकविण्याची गरज नव्हती. पुण्याच्या वाटेवर चौंडीस मुक्काम पडला असता मल्हारराव होळकरांनी देवळात या मुलीला पाहिले आणि सून म्हणून निवडले, अशी कथा सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचे लग्न झाले आणि आठ वर्षांची ही मुलगी माळव्याच्या वाटेला लागली.

ज्यांनी नोकरीधंद्यासाठी घर सोडले आहे, त्यांना या प्रवासाचा अर्थ समजावून सांगावयास नको. मात्र आपल्याला पत्र होते, आगगाडी होती, पुढे दूरध्वनी आला. चौंडीच्या त्या मुलीला यांतले काहीच नव्हते. भाषा निराळी, पाणी निराळे, माणसे निराळी. होळकरांचे घर मराठी खरे, पण त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच माळवा सुरू होत होता. अहिल्याबाईंनी तो माळवा आपलासा केला. सासरे मल्हारराव आणि सासू गौतमाबाई यांच्या हाताखाली त्या वसुलीचे हिशेब पाहावयास शिकल्या, पत्रव्यवहार पाहू लागल्या. मल्हारराव मोहिमेवर असत तेव्हा दौलतीचा बराचसा भार त्यांच्यावर पडू लागला. तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्थाही मल्हाररावांनी या सुनेवर निःशंकपणे सोपवावी, इतका विश्वास त्यांनी मिळविला होता.

दैव मात्र अनुकूल नव्हते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. त्या वेळी अहिल्याबाई अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जाण्याची त्यांची सिद्धता झाली होती. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. १७६१ साली गौतमाबाई निवर्तल्या, १७६६ साली आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला, आणि त्यांच्या मागून गादीवर आलेला अहिल्याबाईंचा एकुलता एक पुत्र मालेराव वर्षही पुरते न लोटता १७६७ साली वारला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घ्यावे असा आग्रह धरला. रघुनाथराव पेशवे सैन्य घेऊन माळव्यात आले. अहिल्याबाईंनी आपल्या सरदारांना गोळा केले, लढाईची तयारी केली, आणि स्त्रीशी लढून जिंकल्यास कीर्ती नाही व हरल्यास मात्र अपकीर्ती आहे, असे दादासाहेबांस कळविले, असे सांगतात. थोरले माधवराव पेशवे यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. सैन्याचा भार तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली, आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षे टिकली.

राजधानीसाठी त्यांनी नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर निवडले. परंपरेने हेच सहस्रार्जुनाचे माहिष्मती. किल्ल्याच्या आत बाईंचा वाडा आजही उभा आहे. राजवाडा म्हणून पाहावयास जाणाऱ्याची तेथे निराशाच व्हावी, इतका तो साधा आहे : लाकडी खांब, चौक, ओसरी आणि बाईंची गादी. वैभव आहे ते वाड्याबाहेर. नदीत उतरत जाणारे विस्तीर्ण घाट, त्यांवरील देवालये, दगडात कोरलेल्या वेली, हत्ती, जाळ्या. वाड्यात दररोज मातीची लहान लहान शिवलिंगे घडवावयाची, पुजावयाची आणि नर्मदेत सोडावयाची, हा बाईंनी घालून दिलेला प्रघात आजही चालू आहे. आज घडविलेले आज विसर्जित होते. उद्या पुन्हा नवी माती आणि पुन्हा नवे हात. तो विधी पाहताना आम्हांस आमच्या पेटीतल्या लुगड्याची आठवण झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

अहिल्याबाईंनी देशभर केलेली बांधकामे सर्वांना ठाऊक आहेत. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली, सोमनाथाचे १७८३ साली, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली. शिवाय घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे. हा सारा धर्मादाय बहुतांशी खासगीतून, म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या स्वतंत्र उत्पन्नातून चाले. दौलतीच्या वसुलीवर त्याचा बोजा पडू नये अशी त्यांची दृष्टी होती. या प्रचंड कार्याच्या छायेत महेश्वरच्या मागांची गोष्ट लहान वाटते. परंतु मंदिरे दगडाची असतात आणि माग माणसांचा असतो. दगडाला शंभर वर्षे कोणी विचारले नाही तरी तो उभा राहतो. मागावर मात्र एक पिढी कोणी बसले नाही, तर पुढच्या पिढीला तो कसा चालवावा हेही उमगत नाही. म्हणून हे काम लहान दिसले तरी अधिक अवघड होते.

राजधानी म्हटली की आलेल्या-गेलेल्यांचा सन्मान आला. मराठी दरबाराच्या रीतीप्रमाणे पुरुषांना पागोटे आणि स्त्रियांना लुगडे-चोळी देणे आले. ही वस्त्रे दूरदूरच्या पेठांतून मागविण्यापेक्षा ती येथेच का होऊ नयेत, असा विचार बाईंनी केला आणि सुरत, बऱ्हाणपूर अशा नामांकित पेठांतून विणकरांची कुटुंबे महेश्वरास आणून वसविली, अशी तेथील परंपरा आहे. मारू, साळवी, कोळी, मोमीन-अन्सारी अशा नाना जातीधर्मांचे कसबी लोक या गावात मागावर बसत आले आहेत. कोणाची बोली माळवी, कोणाची निमाडी, कोणाची गुजरातीच्या वळणाची, कोणाची उर्दूमिश्रित. त्यांनी विणावयाचे काय, तर मराठी बायकांचे नऊवारी लुगडे! जे वस्त्र त्यांच्या आयाबहिणी नेसत नव्हत्या, त्याची लांबीरुंदी, त्याचा काठ, त्याचा पदर त्यांनी हाताखाली घातला आणि आपला करून टाकला.

विणकर आणून बसविले म्हणजे कसब रुजले असे होत नाही. विणकराला सूत वेळेवर मिळावे लागते, रंगाऱ्याला रंग मिळावा लागतो, तयार झालेला माल वाटेत लुटला जाऊ नये लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला गिऱ्हाईक लागते. अहिल्याबाईंच्या कारभाराकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील संगती ध्यानात येते. डोंगरांतील भिल्लांना त्यांनी नुसता धाक दाखविला नाही. घाटातून जाणाऱ्या मालावर भिल्लकवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात वाटा सुरक्षित राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याचा मोह त्यांनी टाळला. सावकारास आपले धन निर्धास्तपणे व्यापारात घालता येऊ लागले. आणि गिऱ्हाईक तर खुद्द दरबारच होता. सणासुदीला, लग्नकार्याला, तीर्थयात्रेहून येणाऱ्या पाहुण्याला वस्त्र द्यावयाचे ते महेश्वरचे. विणकरांचे कौतुक करून त्यांना बिदागी देणे सोपे होते. ती एकदा दिली की संपते. बाईंनी त्यांना बिदागीऐवजी काम दिले, आणि तेही वर्षानुवर्षे पुरेल असे.

त्या वस्त्राविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत. जुनी माहेश्वरी निव्वळ सुती असे. ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत ही आजची रीत विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आली. अंग बहुधा साधे, उभ्या रेघांचे किंवा बारीक चौकड्यांचे. त्यावर मोठी बुट्टी नाही. सारी शोभा काठात आणि पदरात. काठ असा विणतात की वस्त्राला उलटी-सुलटी बाजूच राहत नाही. कोणत्याही अंगाने नेसावे. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मधले दोन पांढरे. काठांच्या नक्षीची नावे ऐकावीत : चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल, आणि नर्मदेची लहर. घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून किल्ल्याच्या भिंतीकडे पाहिले म्हणजे ही नक्षी कोठून आली हे तेथील विणकर बोटाने दाखवितात. पाथरवटाने दगडात कोरले ते विणकराने सुतात उतरविले. लुगड्यांच्या जातींनाही नावे आहेत : चंद्रकळा, बैंगनी चंद्रकळा, चंद्रतारा, बेली, परबी. यांतील चंद्रकळा हे नाव तर आमच्या आज्यांच्या तोंडी नित्याचे. संक्रांतीची काळी चंद्रकळा कोणाला ठाऊक नाही? नर्मदाकाठच्या अमराठी विणकराच्या तोंडून तो शब्द ऐकताना आम्हांस एकदम घरी आल्यासारखे वाटले.

आणि ज्या स्त्रीच्या आश्रयाने ही रंगांची आणि काठांची सृष्टी उभी राहिली, ती स्वतः काय नेसत होती? साधे पांढरे वस्त्र. वैधव्य आल्यापासून त्यांनी रंगीत वस्त्र अंगाला लावले नाही, दागिन्यांचा सोस केला नाही. आपल्याला जे कधीच नेसावयाचे नव्हते, ते दुसऱ्यांच्या अंगावर शोभावे म्हणून त्यांनी घडवून घेतले. स्तुतीचीही त्यांना अशीच अलिप्तता होती. एका ब्राह्मणाने त्यांच्या गुणवर्णनाचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा तो त्यांनी नर्मदेत टाकविला, असे सर जॉन माल्कम यांनी आपल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात नमूद केले आहे. हा ग्रंथ १८२३ सालचा. बाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती आणि त्यांच्याकडून माल्कमने माहिती मिळविली होती.

उत्तरायुष्यातही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. लुटारूंचा बंदोबस्त करणाऱ्या यशवंतराव फणसे या तरुणाला त्यांनी आपली कन्या मुक्ताबाई दिली होती. १७९० साली मुक्ताबाईंचा मुलगा नथोबा वारला आणि १७९१ साली यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. ज्या आईला एकेकाळी सासऱ्याने चितेपासून परत आणले होते, तिला आपल्या मुलीला परत आणता आले नाही. नर्मदेच्या काठी, डोळ्यांदेखत, शेवटचे अपत्य गेले. त्यानंतरही दरबार भरत राहिला, न्याय होत राहिला, गावात माग चालत राहिले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या या साध्वीने महेश्वरासच देह ठेवला. माहेरी चौंडीला किंवा सासरच्या मूळ गावी होळला परतण्याचा प्रश्नच नव्हता. रेवातीर हेच त्यांचे घर झाले होते.

पुढील इतिहास विणकरांना सुखाचा नाही. १७९७ साली तुकोजीराव वारले, होळकरांच्या घरात कलह माजला, माळवा धुमाळीत सापडला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली आणि महेश्वरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक उठून गेले. त्यानंतर गिरण्यांचे स्वस्त कापड आले. विसाव्या शतकात मराठी बायकाही हळूहळू नऊवारीवरून पाचवारीवर आल्या. १९४८ साली होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. ज्यांच्यासाठी वस्त्र विणले जाई ते दरबारही नाहीत आणि ते नेसणाऱ्याही थोड्या, अशी वेळ आली. अनेक विणकरांच्या मुलांनी माग सोडून दुसरी मजुरी धरली. आमच्या पेटीतल्या लुगड्याप्रमाणे हे कसबही घडीवर विरू लागले होते.

ते सावरले ते १९७८ च्या सुमारास. होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर, ज्यांच्या मातोश्री अमेरिकन होत्या, आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पत्नी सॅली होळकर यांनी महेश्वरात रेहवा सोसायटी ही संस्था काढली. रेहवा हे नर्मदेच्या रेवा या नावाचेच रूप. आतापर्यंत बायकांनी कांड्या भराव्यात, सूत सारखे करावे आणि मागावर पुरुषाने बसावे अशी सामान्य वहिवाट होती. या संस्थेने बायकांना मागावर बसविले. साडी पाचवारी झाली, ओढण्या आणि उपरणी आली, रंग नव्या आवडीचे झाले. चटई, वीट, हिरा आणि लहर मात्र काठावर कायम राहिली. विणकरांच्या मुलांसाठी शाळा निघाली, घरे झाली, औषधोपचाराची सोय झाली. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने जे केले तेच एका अमेरिकन स्त्रीने त्याच किल्ल्याच्या आसऱ्याने पुन्हा केले : विणकराला काम दिले आणि मालाला गिऱ्हाईक मिळवून दिले. यंत्रमागावरचे कापड माहेश्वरी म्हणून विकले जाते, ही अडचण अद्याप आहे. तथापि आज महेश्वरच्या गल्ल्यांतून हिंडताना घराघरांतून धोट्याचा खटखटाट ऐकू येतो, आणि २०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हाही तो थांबलेला नव्हता.

अशाच एका घरी आम्ही आमचा काठाचा तुकडा नेला. विणकर वयस्क होते. मराठी त्यांना समजत नव्हते. त्यांनी तो तुकडा उजेडाला धरला, नखाने धागे मोजले, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि आपल्या सुनेला बोलावून तिलाही मोजावयास सांगितले. काठ चटईचा होता. तो त्यांच्या मागावर आजही निघत होता. आमच्या मुलीने आपल्यासाठी पाचवारी मागितली, रंगही पणजीच्या लुगड्याचा नको होता. आमच्या मनात क्षणभर चलबिचल झाली. परंतु विणकरांना त्यात काही वावगे वाटले नाही. काठ तोच ठेवू, अंग तुमच्या आवडीचे करू, असा त्यांचा सरळ हिशेब होता. काही आठवड्यांनी टपालाने साडी आली. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलगी ती नेसली. पुढे महाविद्यालयातही नेसून गेली, आणि तिच्या बंगाली मैत्रिणीने तशीच एक मागविली.

पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ स्थापिले तेव्हा आपली भाषा, आपले सण, आपल्या रीती दूरदेशी टिकाव्यात हीच त्यांची इच्छा होती. त्या टिकविण्यासाठी आम्ही पुष्कळदा पेटीचा मार्ग धरला. मुलांचे मराठी मोडके म्हणून आम्ही रागावलो, हळदीकुंकवात परप्रांतीय शेजारणीला बोलवावे की नाही यावर वाद घातले, नाटक जसेच्या तसे झाले पाहिजे म्हणून हट्ट धरला. अहिल्याबाईंनी आपले मराठी लुगडे पेटीत ठेवले नाही. ते त्यांनी परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या कसबी हातांत दिले, त्यावर नर्मदेची लहर उमटू दिली, आणि ते त्यांच्यामागे दोन शतकांहून अधिक काळ जगले.

मराठीत माग या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक विणण्याचा, दुसरा गेलेल्या माणसाच्या पावलांचा. महेश्वरास हे दोन्ही एकाच जागी सापडतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाची सहल तेथे न्यावी, घाटावर बसावे, वाड्यातील गादीला नमस्कार करावा, आणि परतताना प्रत्येक घराने हातमागाचे एक तरी वस्त्र विकत घ्यावे, अशी आमची सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे. घ्यावे ते मात्र नेसण्यासाठी. पेटीत ठेवण्यासाठी नव्हे.